‘इतो’ची धार

२०१७ साली ज्यांच्या हातात मोबाइल होता, त्यांच्यातल्या फार थोड्यांना ‘देस्पासितो’ चुकवता आलं. लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी या प्वेर्तो रिकोच्या दोघांचं हे गाणं त्या वर्षी यूट्यूबवर सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ ठरलं आणि २०२०च्या नोव्हेंबरात ‘बेबी शार्क’नं मागे टाकेपर्यंत तिथून हललं नाही. आमच्या गल्लीतल्या एका वरातीत तर ते बँडवर वाजलं. अर्थ विचारला की सगळे सांगायचे, ‘हळूहळू’. पण हळू म्हणजे ‘देस्पासिओ’. मग शेपटाला लागलेलं हे ‘इतो’ काय करतंय?

स्पॅनिश शिकणाऱ्याला याचं उत्तर फार लवकर मिळतं. शब्दाच्या शेवटी ‘इतो’ किंवा ‘इता’ लावलं की वस्तू लहान होते. कासा म्हणजे घर, कासिता म्हणजे छोटं घर. मी ज्या पुस्तकातून शिकले त्यात यासाठी एक चौकट होती आणि चौकटीत दोन मांजरं, एक मोठं, एक छोटं. पुस्तकाचं नाव घेत नाही, कारण अशीच चौकट मी नंतर कितीतरी पुस्तकांत पाहिली. माझं भांडण या चौकटीशी आहे. घर छोटं असू शकतं, मांजर छोटं असू शकतं. ‘हळू’ छोटं कसं होणार? ‘नादा’ म्हणजे काहीच नाही; त्याचंही ‘नादिता’ होतं. काहीच नसण्याहून लहान असं काय असतं?

मला वाटतं, आपण याला लघुत्वदर्शक रूप म्हणतो तिथूनच वाट चुकते. हे रूप वस्तूचं माप क्वचितच सांगतं. बोलणारा त्या वस्तूच्या आणि ऐकणाऱ्याच्या किती जवळ उभा आहे, किंवा किती जवळ असल्याचं दाखवू पाहतो आहे, हे ते सांगतं. आणि भाषांतरात नेमकं हेच गळून पडतं. ‘इतो’ दिसलं की लाव ‘छोटा’, ही सवय आपण इंग्रजी भाषांतरांतून उचलली. इंग्रजीत ‘लिटल’ हे सुटं विशेषण आहे. स्पॅनिशमध्ये ही गोष्ट शब्दाच्या पोटात असते, वेगळी काढून दाखवता येत नाही.

घडण तशी सोपी, पण खोड्या पुष्कळ. शेवटचा स्वर काढून ‘इतो’ जोडायचं, म्हणजे आबुएला (आजी) ची आबुएलिता होते. शब्द ए, न किंवा र वर संपत असेल तर मध्ये एक ‘स’ घुसतो: काफेचं काफेसितो, आमोरचं (प्रेम) आमोरसितो. पान म्हणजे ब्रेड, आपल्याकडे गोव्यातून आलेल्या पोर्तुगीज ‘पाव’चा सख्खा चुलतभाऊ. त्याचं स्पेनमध्ये पानेसितो होतं, अटलांटिकपलीकडे पानसितो. कार्लोसचं कार्लितोस होतं, म्हणजे शेवटचा ‘स’ जागेवर आणि लाड मधल्यामध्ये. साखरेचं, आसुकारचं, आसुकीतार होतं. तिथे तर शब्द फोडून आत शिरकाव केलेला आहे. सगळ्यात मजेदार गोष्ट हाताची. मानो, हात, हा शब्द ओकारान्त आहे पण स्त्रीलिंगी. त्याचं लाडकं रूप स्पेन आणि मेक्सिकोत मानिता, अर्जेंटिनात मानितो. एकाच हातावरून दोन खंडांचं एकमत होत नाही. (हा हात पुढे लागणार आहे.)

आणि ‘इतो’ हा एकटाच प्रत्यय नाही. ग्रानादा, मुर्सिया, आरागोनकडे ‘इको’ चालतं, सेव्हिलकडे ‘इयो’, गॅलिसियात ‘इन्यो’, आस्तुरियासमध्ये ‘इन’, कांताब्रियात ‘उको’. कोलंबिया, क्युबा आणि कोस्टा रिकात शब्दाच्या शेवटच्या अक्षरात ‘त’ असेल तर ‘इको’ लागतं. मोमेंतो म्हणजे क्षण, त्याचं मोमेंतिको. कोस्टा रिकाच्या लोकांना या खोडीमुळे बाकीचे स्पॅनिशभाषक ‘तिको’ म्हणू लागले आणि त्यांनी ते नाव आनंदानं घेतलं. एखाद्या देशाची ओळख एका प्रत्ययावरून पडावी, हे मला फार आवडतं.

आता मेक्सिकोतला ‘आओरिता’ घ्या. आओरा म्हणजे आत्ता. आओरिता म्हणजे चौकटीच्या हिशोबानं ‘छोटंसं आत्ता’, म्हणजे आत्ताहून आत्ता. प्रत्यक्षात तो या क्षणी असू शकतो, तासाभरानं असू शकतो, कधीच नसूही शकतो. कॅरिबियन बेटांवर तर त्याचा सरळ अर्थ ‘नंतर’ असा होतो. परदेशी माणसं यावरून वैतागतात, त्यावर विनोद करतात. मराठी माणसानं वैतागायचं कारण नाही. फोनवर ‘आलोच’ म्हणणारा माणूस भूतकाळ वापरतो आणि अंगावर अजून टॉवेल असतो. त्याला वेळ सांगायचीच नसते. तुझी वाट पाहणं मला कळतंय, एवढंच त्याला पोहोचवायचं असतं. आओरिता तेच करतं.

तीच गोष्ट काफेसितोची. घरी आलेल्याला ‘एक काफेसितो?’ विचारताना कप लहान नसतो. आपण ‘घोटभर चहा घ्या’ म्हणतो आणि मग काठोकाठ भरलेला कप पुढे येतो. ‘दोन घास खाऊन जा’ म्हणतो आणि ताटात चार पोळ्या पडतात. आपण हे काम मापाच्या शब्दांनी करतो, स्पॅनिश ते शेपटीनं करते. दोन्हीकडे माप खोटं आणि आग्रह खरा असतो. माप खोटं आहे हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून तर पाहुण्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं.

आमादो आलोन्सो या स्पॅनिश भाषाशास्त्रज्ञानं १९३५ साली यावर एक निबंध लिहिला. तेव्हा तो बुएनोस आइरेसमधल्या भाषाशास्त्र संस्थेचा प्रमुख होता. निबंधाच्या नावातच त्यानं चार शब्द ओळीनं ठेवले: कल्पना, भावना, कृती, फँटसी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की लहानपणा हा या रूपाचा सगळ्यात कमजोर अर्थ आहे. म्हणून तर खरोखर लहान वस्तू सांगायची असली की स्पॅनिश माणूस लाडक्या रूपापुढे आणखी ‘लहान’ हे विशेषण जोडतो. उरलेला सगळा वेळ हे रूप भावना दाखवतं आणि ऐकणाऱ्याकडून काहीतरी करवून घेतं. निबंध जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. पाठ्यपुस्तकातली मांजरं अजून जागची हललेली नाहीत.

मेक्सिकोत ही रूपं एवढी का, यावर एक जुना तर्क आहे. तिथल्या नाहुआत्ल भाषेत ‘त्सिन’ हा प्रत्यय लहानपणा, माया आणि आदर या तिन्हींसाठी चालतो. १६४९ साली छापलेल्या नाहुआत्ल ग्रंथात, ‘निकान मोपोउआ’त, ग्वादालुपेची माता मरियम एका गरीब माणसाला त्याच्या नावापुढे हाच प्रत्यय लावून हाक मारते. लहान आणि पूज्य, दोन्ही एकाच शेपटीत. मेक्सिकन माणूस देवालाही ‘दिओसितो’ म्हणतो. काही अभ्यासकांना हा नाहुआत्लचा वारसा वाटतो; काही म्हणतात, जिथे नाहुआत्ल कधी पोहोचली नाही तिथेही हीच सवय आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण देवाला लहान करून जवळ घेण्याची गोष्ट पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या भाषेला समजावून सांगावी लागत नाही.

काही लाडकी रूपं इतकी वापरली गेली की त्यांचे लाड संपले आणि ती नुसते शब्द झाली. मोस्का म्हणजे माशी, तिचा मोस्कितो म्हणजे डास. वायना म्हणजे शेंग, तिचं व्हॅनिला. गेर्रा म्हणजे युद्ध. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध १८०८ ते १८१४ या काळात स्पेनमध्ये जे लढलं गेलं त्यातून ‘छोटं युद्ध’, गेरिला, हा शब्द जगभर गेला आणि आपल्या गनिमी काव्याच्या इंग्रजी वर्णनातही येऊन बसला. १५५४च्या ‘लासारियो दे तोर्मेस’ या कादंबरीतला पोरगा आधी एका आंधळ्या भिकाऱ्याचा हात धरून फिरतो. आज स्पॅनिशमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्याला, त्यांच्या कुत्र्यालासुद्धा, लासारियो म्हणतात.

लाडकं रूप निरुपद्रवी असतं, असं इथवरच्या उदाहरणांवरून वाटेल. तसं ते नाही. जवळीक दाखवण्याचा हक्क कुणाला आहे, हा प्रश्न त्याच्या मागे कायम उभा असतो. जमीनदारानं शेतावरच्या मूळनिवासी मजुराला ‘इंदितो’ म्हणणं ही माया नसते. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून भांडते ते प्रेमाचं टोक आहे. गावच्या पाटलानं दलित म्हाताऱ्याच्या नावाला तीच ‘या’ची शेपटी लावली तर त्यात त्या म्हाताऱ्याची जागा ठरलेली असते. प्रत्यय तोच. फरक असतो तो कोण वर उभा आहे आणि कोण खाली, याचा.

२०२०च्या नोव्हेंबरात हा प्रश्न थेट फुटबॉलच्या मैदानावर आला. मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्या एदिन्सोन कावानीनं साउदम्प्टनविरुद्ध दोन गोल केले. इन्स्टाग्रामवर एका मित्रानं अभिनंदन केलं. कावानीनं आभार मानताना त्याला ‘नेग्रितो’ म्हटलं. शब्दशः ‘छोटा काळा’. उरुग्वेत आणि अर्जेंटिनात हे मित्राला, नवऱ्याला, बायकोला, मुलाला रंगाचा विचार न करता म्हटलं जातं. गायिका मेर्सेदेस सोसाला सगळा खंड ‘ला नेग्रा’ म्हणायचा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं कावानीला तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंडांचा दंड दिला. त्यानं पोस्ट आधीच काढून टाकली होती, माफीही मागितली होती. उरुग्वेची राष्ट्रीय साहित्य अकादमी या शिक्षेविरुद्ध उभी राहिली. तिचं म्हणणं साधारण असं, की हा शब्द आमच्याकडे मायेचा आहे आणि तुम्हाला आमची भाषा कळलेली नाही.

अकादमी व्याकरणात बरोबर होती. तरी मला तिचं उत्तर अर्धंच वाटतं. हा शब्द मायेचा झाला तो गुलामगिरीच्या काळातून गेलेल्या समाजात, आणि त्या समाजात ही माया वरून खाली किती वाहिली आणि खालून वर किती, हे अकादमीनं विचारलं नाही. दुसरीकडे संघटनेनं तो शब्द इंग्रजी कोश उघडून वाचल्यासारखा वाचला. ‘इतो’ हे एका माणसानं एका माणसाशी बोलण्याचं रूप आहे. इन्स्टाग्रामवर ते कोट्यवधींपुढे उघडं पडलं. दोघांमधलं अंतर दाखवणारी खूण चौकात टांगली की तिचं काय होतं, याचा विचार दोन्ही बाजूंनी केलेला मला दिसला नाही.

एवा पेरोनला मात्र हे हत्यार नीट कळलं होतं. १९५१च्या तिच्या आत्मकथनात ती एवा पेरोन आणि एविता या दोघी वेगळ्या असल्याचं सांगते. समारंभांना जाणारी राष्ट्राध्यक्षांची पत्नी ती एवा, कामगारांनी आणि गरिबांनी हाक मारायची ती एविता. स्वतःला लहान करून तिनं जी सत्ता मिळवली ती दुसऱ्या नावाला मिळाली नसती.

आता लोर्काकडे येते, कारण हे सगळं मी त्याच्यामुळेच खोदायला लागले. फेदेरिको गार्सिया लोर्का ग्रानादाजवळचा, म्हणजे ‘इको’च्या मुलखातला. १९२६ साली त्यानं ग्रानादात पेद्रो सोतो दे रोखास या सतराव्या शतकातल्या कवीवर व्याख्यान दिलं. त्यात तो म्हणतो, की ग्रानादाची खरी सौंदर्यदृष्टी ही लहानग्या गोष्टींची, लाडक्या रूपांची आहे. या रूपाचं काम काय, तर समुद्र, चंद्र, काळ, अंतर, अगदी घडणाऱ्या घटनासुद्धा, जे जे आवाक्याबाहेर मोठं आहे ते आवळून खोलीत आणायचं आणि आपल्या हातात ठेवायचं. हात हा शब्द त्याचा आहे.

सात वर्षांनी, ८ मार्च १९३३ला, माद्रिदमध्ये ‘बोदास दे सांग्रे’चा, रक्ताच्या लग्नाचा, पहिला प्रयोग झाला. १९२८मध्ये आल्मेरिया प्रांतात नीखारजवळ घडलेल्या एका गुन्ह्याची बातमी त्यामागे होती: लग्नाआधी नवरी दुसऱ्याबरोबर पळाली आणि रक्त सांडलं. नाटक सुरू होतं तेव्हा मुलगा आईकडे घडीचा चाकू, नावाखा, मागतो. मळ्यात द्राक्षं कापून खायची आहेत. आईचा नवरा आणि थोरला मुलगा चाकूनंच गेलेत. ती चाकूंना शिव्या देते आणि विचारते, की पिस्तूल किंवा चाकू यासारखी लहान वस्तू बैलासारख्या पुरुषाला संपवते, हे बरोबर आहे का, हे होतं तरी कसं? इथे तिचा शब्द आहे ‘पेकेन्या’. साधं, सुटं, मापाचं विशेषण. ती अजून वाद घालते आहे. वस्तू लहान, माणूस मोठा, हिशोब जुळत नाही.

शेवटी दुसराही मुलगा जातो. आई शेजारणींसमोर बोलते आणि तिच्या तोंडून आधी ‘कुचियो’ येतो, चाकू, आणि लगेच ‘कुचियितो’. विशेषण गेलं, प्रत्यय आला. वादही संपला. तिच्यामागोमाग नवरी तोच शब्द उचलते, आणि दोघी त्याच्याविषयी सांगतात की तो हातात जेमतेम मावतो.

हातात. १९२६च्या व्याख्यानात लाडक्या रूपानं समुद्र आणि चंद्र हातात आणून ठेवायचे होते. इथे हातात आलं ते मरण. पहिल्या अंकातल्या ‘पेकेन्या’पासून शेवटच्या ‘इतो’पर्यंतचा प्रवास हाच या बाईचा प्रवास आहे, असं मी म्हणेन. ज्या वस्तूनं घरातले सगळे पुरुष नेले तिच्याशी ती शेवटी घरच्या माणसासारखी बोलते. तिला दुसरं कोणी उरलेलंच नाही. लोर्कानं हे १९२८च्या ‘रोमान्सेरो खितानो’मध्ये एकदा करून पाहिलं होतं. तिथल्या दोन कवितांच्या शीर्षकांत नायक ‘आंतोन्यितो’ आहे. न लढता पकडला गेल्याबद्दल त्याला हिणवणारा आवाज त्याला कोरडं ‘आंतोनियो’ म्हणतो. चुलतभावांचे सुरे लागून तो मरतो तेव्हा कवितेचा कढ त्याला पुन्हा ‘आंतोन्यितो’ करतो. म्हणजे लाड परत मिळतात ते मरताना.

हे मराठीत आणायचं कसं? माझ्या वहीत ‘छोटा चाकू’ पहिल्या दिवशी लिहिलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. ते पाठ्यपुस्तकातलं मांजर आहे. ‘इवलासा चाकू’मध्ये बालगीत ऐकू येतं. ‘चाकुला’ असं काही घडवणं म्हणजे भातुकली. मग ‘एवढासा चाकू’. हा मला बराच काळ टिकाऊ वाटला, कारण ‘एवढासा’ म्हणताना हात आपोआप वर येतो, बोटं माप दाखवतात, आणि मापापेक्षा बोलणाऱ्याचा अविश्वास जास्त दिसतो. पण अविश्वास तर पहिल्या अंकात होता. शेवटच्या अंकात तो संपलेला आहे. म्हणून ‘एवढीशी वस्तू’ मी पहिल्या अंकाला देऊन टाकली.

मराठीला स्वतःची एक जुनी रीत आहे, लिंग बदलायची. हंड्याची हंडी, डब्याची डबी, टोपल्याची टोपली. सुऱ्याची सुरी. आईनं आधी सुरा म्हणायचं आणि लगेच सुरी, बस्स. माझ्या एका वाचक मैत्रिणीचा आक्षेप असा, की सुरा खुनाचा असतो आणि सुरी कांद्याची. शेवटच्या प्रवेशात प्रेक्षकाला स्वयंपाकघर आठवेल. आठवू दे. नाटक सुरू झालं होतं ते द्राक्षं कापायच्या चाकूवरून, आणि ऐकायला समोर बसल्या आहेत त्या शेजारणीच. अडचण उरते ती नटीची. ‘सुरा’वर आवाज चढतो, त्यानंतरच्या ‘सुरी’वर तिनं तो उतरवायचा की तसाच ठेवायचा, हे मला कागदावर लिहिता येत नाहीये.